आधी ‘दिसलं’ म्हणायचं

“अगं आई, आधी ‘दिसलं’ म्हणायचं, मग शोधायचं. त्यात काय एवढं!” असं कोरीन म्हणाली आणि हसली, आणि खेकड्याच्या नांगीवर हाणायला मी उचललेली लाकडी हातोडी तशीच वर राहिली. फार वेळ नाही. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. रविवारची दुपार होती, मागच्या अंगणातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांच्यावर वाफवलेल्या खेकड्यांचा ढीग, सगळ्यांची बोटं मसाल्यानं लाल झालेली. मार्लीननं, म्हणजे माझ्या बायकोनं, सहज विचारलं होतं, की संध्याकाळच्या त्या अर्धवट उजेडात, खाली सगळ्या शहराचे दिवे लागलेले असताना, विमानतळाच्या टॉवरनं सांगितलेलं नेमकं विमान तुला सापडतं तरी कसं. मुलगी सैन्यात हेलिकॉप्टर चालवते म्हटल्यावर आई असले प्रश्न विचारणारच. आणि आईचा जीव हलका व्हावा म्हणून मुलीनं ते उत्तर दिलं. मार्लीन खो खो हसली. मीही हसलो असणार. मग मी हातोडी मारली, नांगी नीट फुटली, आतलं पांढरं मांस अख्खं निघालं, ते मी नेहमीप्रमाणे मार्लीनच्या पुढ्यात ठेवलं. कोरीनची बदली नदीपलीकडच्या तळावर झाल्याला काही महिने झाले होते. नदीवरून जाताना ती ज्या टॉवरशी बोलते, त्या टॉवरमध्ये मी बसतो. ‘दिसलं’ हे ती मला म्हणते.

आता माझं काम काय ते सांगायला हवं, नाहीतर एवढ्याशा बोलण्यानं माझी हातोडी वर का राहिली ते कळायचं नाही. आमचा विमानतळ पोटोमॅक नदीला चिकटून आहे. नदीच्या पूर्व काठानं हेलिकॉप्टरांची वाट आहे. खाली कुठे आखलेली नाही, नकाशावर आहे. त्या वाटेनं दोनशे फुटांच्या वर यायचं नाही. सैन्याची, पोलिसांची, बड्या साहेबांना इकडून तिकडे नेणारी, सगळी हेलिकॉप्टरं तिथूनच. विमानतळाला एक मोठी धावपट्टी आहे आणि एक तिरकी, लहान. वारा फिरला किंवा गर्दी तुंबली, की काही जेट विमानं आम्ही त्या लहान पट्टीकडे वळवतो, आणि ती उतरताना बरोबर त्याच काठावरून, त्याच वाटेच्या डोक्यावरून जातात. मध्ये जागा किती? आमच्या गल्लीच्या टोकाला चर्च आहे, त्याच्या मनोऱ्याएवढी. आणि गंमत अशी, की हेलिकॉप्टरवाले एका चॅनेलवर बोलतात आणि जेटवाले दुसऱ्या. दोघं एकमेकांना ऐकत नाहीत. दोघांना ऐकणारा एकटा मी. मी हेलिकॉप्टरला विचारतो, अमुक ठिकाणी जेट आहे, दिसतंय का? तो म्हणतो, दिसलं, नजरेनं अंतर ठेवतो, परवानगी द्या. मी म्हणतो, मंजूर. एवढ्या तीन वाक्यांत माझ्या मानेवरचं जू उचलून त्याच्या मानेवर जातं. नियमच तसा आहे. एकदा का तो ‘दिसलं’ म्हणाला, की मी पुढच्या विमानाकडे वळायला मोकळा. त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं घरी येऊन शांत झोपलो आहे. तो शब्द ऐकला की खांदे आपोआप खाली येतात. मार्लीन म्हणते, मी झोपेतसुद्धा मधूनच असे खांदे सोडतो.

जेवण चालूच होतं. कणसं आली, थंड बिअर आली, मार्लीन तिच्या शाळेतल्या ग्रंथालयाचे किस्से सांगत होती आणि मी हं हं करत होतो. डोक्यात मात्र वेगळंच आलं होतं, कुठून आलं कोण जाणे. धावपट्टीच्या टोकाला गवताचं मैदान आहे, तिथे लोक पोरंबाळं घेऊन विमानं बघायला येतात. कोरीन चार-पाच वर्षांची असताना मी तिला खांद्यावर बसवून तिथे न्यायचो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा, म्हणजे सहा दिवस विमानं बघून सातव्या दिवशी परत विमानं बघायला. मार्लीन म्हणायची, हलवाई सुट्टीत मिठाई खातो का कधी? मी नदीच्या वरच्या अंगाला बोट करायचो आणि विचारायचो, ते बघ, दिसलं का? कोरीन ओरडायची, दिसलं! आणि मला तिच्या मांड्यांवरून कळायचं, की तिनं मान अजून वळवलेलीच नाही. ती खाली कुत्र्याकडे बघत असायची, किंवा बर्फाच्या गोळ्याकडे. तरी मला आनंद व्हायचा. मला तेच ऐकायचं असायचं. तिलाही ते ठाऊक असणार. चार वर्षांच्या पोराला बापाला काय ऐकायचंय ते बरोबर कळतं. मी म्हणायचो, शाब्बास. आता टेबलाच्या पलीकडे बसलेली, केस बारीक कापलेली, कॅप्टन झालेली ही बाई माझ्याकडे बघून भुवया उडवत होती, बाबा, कणीस गार झालं. मी कणीस उचललं. त्याला काही चव नव्हती, किंवा असेल, मला लागली नाही.

मार्लीन आत जरा आडवी झाली तेव्हा आम्ही दोघं भांडी घासायला उभे राहिलो. ती घासत होती, मी पुसत होतो. 

“कोरीन, मघाशी ते गमतीत म्हणालीस ना?”

“काय ते?”

“ते आधी दिसलं म्हणायचं.”

“अरे देवा! बाबा, तू अजून तिथेच आहेस? तरीच खेकडे खाताना मौनव्रत धरलं होतंस.”

“गमतीत म्हणालीस का?”

“अर्धं गमतीत.”

“आणि उरलेलं अर्धं?”

तिनं पातेलं उलटं केलं, पाणी निथळू दिलं. “उरलेलं अर्धं सगळेच करतात. हे बघ, तू विचारतोस तेव्हा माझ्यासमोर आठ-दहा दिवे असतात. एक पुलाचा, एक क्रेनचा, दोन विमानं रांगेत. त्यातला एक तुझा. तो सापडतोच, शब्द तोंडातून जाईपर्यंत सापडतो. ‘नाही दिसलं’ म्हटलं की तुम्ही लोक लगेच ‘थांबा’. मग बसा पुलापाशी घिरट्या घालत. मागे कुणीतरी मोठा साहेब बसलेला, तो घड्याळ बघतो. तळावर उतरलं की सगळे विचारायला तयार, काय गं, आज डोळे घरी विसरलीस का?”

“आणि नाही सापडला तर?”

“सापडतो.”

“नाही सापडला तर, कोरीन?”

“बाबा, तू वर काचेच्या खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकतोस. एकदा खाली येऊन बघ.” मग तिची तीच नरमली. ओल्या हातानंच तिनं माझं मनगट धरलं. “ऐक ना. या आठवड्यात माझी परीक्षा आहे. पास झाले की हेलिकॉप्टर माझ्या हुकुमात, शेजारी कुणी शिकवणारा नको. तिकडे टॉवरमध्ये काही बोलू नकोस हं. शोधून काढतील कोण म्हणालं. आणि तुझी मुलगी आमच्यात आहे हे सगळ्यांना माहीत आहे.”

“नाही बोलणार,” मी म्हणालो. पातेलं पुसून झालं होतं तरी मी ते पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. समोरच्या काचेवर एक बारीकसा किडा बसला होता, किंवा डाग असेल, आणि मला आमच्या शिकाऊ दिवसांतली एक गोष्ट आठवली. जे विमान आपल्याला चुकवून जाणार असतं ते काचेवर सरकताना दिसतं, डावीकडे म्हणा, उजवीकडे म्हणा. जे अंगावर येणार असतं ते सरकत नाही. ते काचेवर एका जागी असतं आणि नुसतं मोठं होत जातं, तेही अगदी शेवटी. डोळा मेला हलणाऱ्या गोष्टींमागे धावणारा, त्यामुळे जे धोक्याचं तेच त्याच्या नजरेतून सुटतं. हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं. माहीत होतं म्हणजे परीक्षेत लिहिलं होतं. नजरेनं अंतर ठेवा म्हणताना मी त्या नजरेचा कधी विचार केला नव्हता, की ती कुणाची, किती थकलेली, कुणाला खूश करायला निघालेली. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. पुढची रांग केव्हाच सरकली होती.

त्या दिवसापासून टॉवरमध्ये माझे कान बिघडले. दुसरा शब्द नाही. पूर्वी ‘दिसलं’ ऐकू यायचं, आता ‘दिसलं’च्या आधीची जागा ऐकू यायला लागली. माझा प्रश्न संपतो आणि त्यांचं उत्तर सुरू होतं, त्याच्यामध्ये माणूस मान वळवू शकेल एवढी फट आहे का? बऱ्याच वेळा नव्हती. काहींचं तर माझं वाक्य संपायच्या आत येत होतं. बिचारे सभ्य लोक, आवाज शांत, शब्द नेमके. चर्चमध्ये पाद्र्याच्या मागोमाग सगळे ‘आमेन’ म्हणतात, त्यात कुणी लबाड नसतो. पण जेट उतरून पट्टीवर टेकेपर्यंत मी दुर्बीण डोळ्यांवरून काढत नव्हतो. शेजारच्या खुर्चीतला वॉयचिक ते बघत होता. हा वॉयचिक आमच्यातला सगळ्यात चपळ. हेलिकॉप्टरवाल्यांचा लाडका, कारण त्याचं ‘मंजूर’ त्यांच्या ‘दिसलं’ला लागूनच येतं, त्याच्या पाळीत कुणी कधी पुलापाशी घिरट्या घालत नाही. तो म्हणाला, “गॅस्किन्स, तू आज पहिल्यांदाच विमान बघतोयस का? तिकीट काढून आलायस वाटतं.”

मी न राहवून टिल्डाला विचारलं. टिल्डा ब्रॉक आमच्या पाळीची मुख्य. खालच्या खोलीत ती कॉफी घेत होती. मी म्हणालो, समजा, नुसतं समजा, की त्यांना दिसलेलं नसतानाच ते दिसलं म्हणत असतील तर?

“असं कोण म्हणतं?”

“मी समजा म्हणतोय.”

“तू समजा म्हणणारा माणूस नाहीस, एल्सवर्थ. तुझ्या कानावर काहीतरी आलंय.” तिनं माझ्याकडे नीट बघितलं. माणूस हुशार आहे, तिला अंदाज आलाच असणार, आणि अंदाज आला म्हणूनच तिनं पुढे विचारलं नसणार. “हे बघ, मी आधीच्या कमिट्यांमध्ये बसले आहे. ती हेलिकॉप्टरांची वाट हलवा म्हणून आम्ही सांगितलंय, वरच्यांनी लिहून घेतलंय, झालं. आता तो ‘दिसलं’ म्हणाला तर जबाबदारी त्याची. हे नसतं लोढणं तू आपल्या गळ्यात कशाला अडकवून घेतोस?”

“कारण दोघांचं मला ऐकू येतं, टिल्डा.”

“मग कॉफी घे,” ती म्हणाली, आणि खरंच तिनं मला कॉफी ओतून दिली.

कोरीनला शब्द दिला होता तो मी पाळला. नाव नाही, तळ नाही, काही नाही. पण मी एक खोडी काढली. हेलिकॉप्टरवाला ‘दिसलं’ म्हणाला की मी विचारायला लागलो, कुठे दिसलं? पुलाच्या कुठल्या बाजूला? पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना राग यायला लागला. एकानं चूक बाजू सांगितली, मग घाईघाईनं बरोबर सांगितली. एक गप्पच बसला. बाकीच्यांनी बरोबर सांगितलं, हेही खरं. त्यांना खरंच दिसलं होतं. पण मला त्या गप्प बसलेल्याचाच घोर लागला, आणि दर प्रश्नाला मागे दोन-तीन विमानं खोळंबत होती. वॉयचिकनं नाव ठेवलं, गॅस्किन्स मास्तरांची तोंडी परीक्षा. जिन्यात कुणीतरी मला विचारलं, मास्तर, आज पेपर सोपा आहे का? मी हसलो. आतून हसू येत नव्हतं. तळावरून फोन आला असणार, कारण आठवडा सरायच्या आत टिल्डानं मला बाजूला घेतलं. “प्रश्न बंद. चॅनेल तुंबतंय. एकतर मंजूर म्हण, नाहीतर थांबव. आणि सगळ्यांनाच थांबवायला लागलास तर संध्याकाळची अर्धी हेलिकॉप्टरं पुलापाशी फिरत बसतील, ते मी चालू देणार नाही.”

“म्हणजे विश्वास ठेवायचा किंवा ठेवायचा नाही.”

“म्हणजे काम करायचं,” ती म्हणाली.

घरी मी यातलं काही सांगत नव्हतो. मार्लीनला वाटत होतं मला आम्लपित्त झालंय. ती मला सकाळी दलिया देत होती आणि वर बडबडत होती, की घरात आल्यावर तरी तो टॉवर बंद करत जा. कोरीनचा फोन यायचा तो तिलाच. माझ्यापर्यंत निरोप यायचे, परीक्षा गुरुवारी आहे, परीक्षक कडक आहे, टॉवरला चटाचट उत्तर देणारा माणूस त्याला आवडतो. मला तिच्याशी बोलायचं होतं. बोलायचं काय, तेच सुचत नव्हतं. तू खोटं बोलतेस असं म्हणायचं? ती खोटं बोलत नव्हती. तिला सापडेल याची खात्री होती. तू मरशील असं म्हणायचं? हे शब्द मनात आले तरी मी उठून उगाच नळ तपासायचो, दार लावलंय का बघायचो. आपल्या मुलीच्या शब्दावर आपला विश्वास उरलेला नाही, आणि तिचा आपल्यावर पूर्ण आहे, या दोन गोष्टी एका घरात कशा ठेवायच्या ते मला कळत नव्हतं. मला भीती वाटत होती, साधी, शरमेची भीती.

गुरुवारी संध्याकाळी वारा फिरला. मी बसलो होतो त्या खुर्चीत जेटही माझी आणि हेलिकॉप्टरंही माझी. गर्दीच्या वेळी दोन खुर्च्या ठेवतात, पण एक माणूस लवकर घरी गेला होता आणि टिल्डानं दोन्ही कामं एकत्र केली होती, जशी बऱ्याचदा होतात. पश्चिमेकडे अजून उजेड होता, नदी काळी पडली होती, मधल्या भागात शहराचे सगळे दिवे लागलेले. मोठ्या पट्टीची रांग लांबली म्हणून एका जेटला मी लहान पट्टीवर वळायला सांगितलं. वैमानिक बाई होती, म्हणाली, येते. तिच्या मागे मोठ्या पट्टीसाठी आणखी एक जेट होतंच. म्हणजे उत्तरेकडून येणाऱ्याला दोन दिवे एकमेकांजवळ दिसणार, आणि त्यातला एकच वळणार. तेवढ्यात दुसऱ्या चॅनेलवर एका हेलिकॉप्टरचा आवाज आला, आधी रेडिओवरचं नाव, मग जागा. स्लेट पाच, पुलाच्या वरच्या अंगाला, दक्षिणेकडे, काठाच्या वाटेनं. रेडिओवर तिचा आवाज थोडा खाली असतो, शब्द सुटे सुटे. घरी ती अशी बोलत नाही. तरी मी ओळखणार नाही असं कसं होईल?

टिल्डा माझ्या मागे उभी होती. मी सांगितलं, स्लेट पाच, तुमच्या पुढे दक्षिणेला जेट, लहान पट्टीसाठी वळतंय. दिसतंय का?

“दिसलं. नजरेनं अंतर ठेवते, परवानगी द्या.”

फट होती का? माझा प्रश्न आणि तिचं उत्तर यांच्यामध्ये मान वळवण्याएवढी जागा होती का नव्हती? मी ऐकलं होतं आणि मला सांगता येत नव्हतं. पलीकडे कोरीन होती म्हणून सांगता येत नव्हतं. दुसरा कुणी असता तर मला कळलं असतं, किंवा कळलं असं मी धरून चाललो असतो. तिच्या शेजारी परीक्षक बसला होता, चटाचट उत्तरं आवडणारा. जेटमध्ये साठएक माणसं. कुठे दिसलं, हे विचारायला मला बंदी होती. ‘मंजूर’ हा शब्द जिभेवर तयार होता; तो माझ्या तोंडातून इतक्या वेळा गेलाय की त्याला माझी गरजच लागत नाही. एक क्षण मला वाटलं, मी तो म्हणून टाकलाय. टिल्डानं माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“नामंजूर,” मी म्हणालो. “स्लेट पाच, पुलाच्या उत्तरेला थांबा.”

चॅनेलवर काही आलं नाही. मग आलं, “स्लेट पाच, थांबते.” तिचा आवाज तसाच होता, सुटे शब्द. पडद्यावर तिचा ठिपका पुलापाशी गोल फिरायला लागला. जेट वळलं, काठ ओलांडला, त्या वाटेच्या डोक्यावरून गेलं आणि लहान पट्टीवर टेकलं. चाकांपाशी थोडा धूर झाला. आतल्या लोकांनी फोन चालू केले असतील, बॅगा काढायला उठले असतील. काहीही झालं नाही. आमच्या धंद्यात काही झालं नाही याचा पुरावा नसतो. मी थांबवलं म्हणून झालं नाही, का मंजूर म्हटलं असतं तरी झालं नसतं, हे या जन्मात कुणी सांगू शकणार नाही. मी स्लेट पाचला पुढे जायला सांगितलं. ती गेली.

“का?” टिल्डानं विचारलं. चढ्या आवाजात नाही.

“मला खात्री वाटली नाही.”

“तुला खात्री कशाला हवी? तिनं दिसलं म्हटलं ना?” मग टिल्डा थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जाऊन आलं. “ती कोरीन होती?”

टिल्डानं माझ्या हेडफोनची वायर स्वतःच्या हातानं काढली, हळूच, दवाखान्यात नर्स काढते तशी, आणि वॉयचिकला बसायला सांगितलं. खाली गेल्यावर म्हणाली, काही दिवस तू जमिनीवरचं बघ. म्हणजे उतरलेल्या विमानांना रांगेत लावायचं काम. शिक्षा नाही, ती म्हणाली, विश्रांती समज. मग म्हणाली, मला पण एक मुलगा आहे, एल्सवर्थ.

घरासमोर गाडी लावून मी आतच बसून राहिलो होतो तेव्हा फोन वाजला. स्वयंपाकघराच्या खिडकीत मार्लीनची सावली इकडून तिकडे जात होती. कोरीननं या आठवड्यात पहिल्यांदाच मला फोन केला होता.

“तू होतास ना?”

“मी होतो.”

“मला वाटलंच. दुसरं कुणी थांबवलं नसतं.” मागे तळावरचे आवाज येत होते, कुणीतरी दार आपटलं. “परीक्षक म्हणाला, फेरीच मोडली, यात मला काय बघायला मिळणार? उद्या परत. वर म्हणाला, टॉवरला तुझ्यावर भरवसा दिसत नाही. त्याला काय माहीत, टॉवर कोण ते.”

“कोरीन...”

“तुझा माझ्यावर विश्वास नव्हता?”

“नव्हता,” मी म्हणालो. पुढे काहीतरी जोडायला हवं होतं. तुझ्यावर म्हणजे तुझ्यावर नव्हे, त्या खुर्चीत बसल्यावर कुणावरच नाही, वगैरे. ते खरंही होतं. मी जोडलं नाही.

मला वाटलं आता ती फोन ठेवेल. ठेवला असता तर तिचं चुकलं नसतं.

“मला खरंच दिसलं होतं, बाबा. आधी बघितलं होतं, मग म्हटलं.”

“असेल.”

“असेल काय! दिसलं होतं. डावीकडे, त्या क्रेनच्या वर, दिवे लावून सरळ...” ती अडखळली. “म्हणजे एक दिसलं होतं. एक जेट. तेच असणार ना? वळत होतं ते?”

मला ठाऊक होतं, तिथून दोन दिसली असती. आणि वळणारं सरळ दिसलं नसतं. ते तिलाही आता ठाऊक झालं होतं. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

“उद्या संध्याकाळी परत तीच फेरी आहे,” ती म्हणाली. “तू असशील ना तिथे?”

“नाही. मला त्या खुर्चीवरून उठवलंय.”

“मग कोण असेल?”

“वॉयचिक.”

“तो?” कोरीन म्हणाली. “तो तर लगेच मंजूर म्हणतो.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “बाबा, फोन ठेवू नकोस एवढ्यात.”